संकटातला भाव आणि संकटानंतरचा भाव

युद्ध, दुष्काळ, महामारी किंवा मंदी यांसारख्या जगव्यापी संकटांचा जिन्नसांच्या भावांवर काय परिणाम होतो, या प्रश्नाचे उत्तर बहुधा संकटाच्या ऐन भरात शोधले जाते आणि त्यामुळे ते अपुरे राहते. जिन्नस म्हणजे येथे कापूस, गहू, तांदूळ, खनिज तेल, तांबे किंवा खत यांसारखा असा माल, की ज्याच्या एका पोत्याची किंवा पिंपाची जागा त्याच प्रतीचे दुसरे पोते किंवा पिंप घेऊ शकते. अशा मालाचा भाव किती चढला वा कोसळला हे लगेच कळते. परंतु तो पूर्वपातळीवर किती काळाने आला, आणि चढ्या भावाच्या भरवशावर लोकांनी व सरकारांनी जी कर्जे काढली, जे शेतसारे ठरवले, जी लागवड वाढवली, त्यांचे पुढे काय झाले, याची चौकशी दोन-तीन दशकांचा पल्ला घेतल्याशिवाय होत नाही. असा पल्ला घेऊन 1861 पासूनची प्रमुख संकटे तपासली, तर असे आढळते की भाव बहुतेक वेळा खाली येतो, कधी दोन वर्षांत, कधी पंचवीस वर्षांत. त्या भावावर उभारलेली देणी मात्र त्याच्यासोबत उतरत नाहीत, आणि संकटाचा टिकाऊ परिणाम भावांच्या तक्त्यापेक्षा या देण्यांच्या हिशेबात अधिक स्पष्ट दिसतो.

भाव इतके का उसळतात, याचे अर्थशास्त्रीय स्पष्टीकरण मुळात साधे आहे. भाव बदलल्यावर मागणी किंवा पुरवठा कितपत बदलतो, याच्या मापाला लवचिकता म्हणतात. धान्य, तेल, कापूस यांच्या बाबतीत ती अल्पकाळात फार कमी असते, कारण भाकरी महागली म्हणून भूक कमी होत नाही आणि भाव चढला म्हणून पेरणीचा हंगाम अलीकडे ओढता येत नाही. म्हणून पुरवठ्यात पाच-सात टक्क्यांची तूट आली तरी भाव दुप्पट-तिप्पट होऊ शकतो. मात्र प्रत्येक तुटीने असे होत नाही, आणि त्याचे कारण साठ्यात आहे. कोठारे भरलेली असतील तर तूट साठ्यातून भरून निघते व भाव थोडासाच हलतो. ती रिकामी असतील तर तेवढ्याच तुटीने बाजार उसळतो. अँगस डीटन आणि गी लारोक या अर्थशास्त्रज्ञांनी 1992 मध्ये या विचाराची गणिती मांडणी तपासली. मागच्या हंगामाचा माल पुढे ओढता येतो, पण पुढच्या हंगामाचा माल आज आणता येत नाही, म्हणजे साठा शून्याखाली जाऊ शकत नाही. म्हणून जिन्नसांचे भाव दीर्घकाळ खालच्या पातळीवर रेंगाळतात आणि अधूनमधून एकदम टोकदार उसळी घेतात, असे या मांडणीचे सार आहे. संकट केवढे मोठे आहे, या प्रश्नाइतकाच ते आले तेव्हा कोठारात काय होते, हा प्रश्नही त्यामुळे महत्त्वाचा ठरतो.

या प्रश्नाचा सर्वांत शिकवणारा दाखला अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळातील कापसाचा आहे, आणि महाराष्ट्राशी त्याचा संबंध थेट असल्याने तो विस्ताराने पाहणे योग्य ठरते. युद्धापूर्वी ब्रिटनच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीन-चतुर्थांशाहून अधिक कापूस अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतून, गुलामांच्या श्रमावर पिकून येत असे. एप्रिल 1861 मध्ये युद्ध सुरू झाले, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली, आणि लिव्हरपूलच्या बाजारात पौंडाला सहा-सात पेन्सांनी विकला जाणारा मध्यम प्रतीचा अमेरिकन कापूस 1864 पर्यंत सत्तावीस पेन्सांच्या आसपास गेला. यात एक लक्षणीय बाब अशी की युद्धाच्या पहिल्या काही महिन्यांत भाव फारसा चढला नाही, कारण 1860 च्या उदंड पिकामुळे लिव्हरपूलची गोदामे कापसाने आणि मँचेस्टरची गोदामे न खपलेल्या कापडाने भरलेली होती. साठा संपत आला तसा भाव चढत गेला, आणि लँकेशायरमधील लाखो गिरणी कामगारांवर बेकारीची व उपासमारीची पाळी आली.

लँकेशायरची नजर तेव्हा मुंबईकडे वळली. वऱ्हाड, खानदेश, गुजरात आणि धारवाडचा कापूस बैलगाड्यांनी व जेथवर लोहमार्ग झाला होता तेथवर रेल्वेने मुंबईच्या बंदराकडे लोटू लागला. भोर घाटाचा लोहमार्ग 1863 मध्ये आणि थळ घाटाचा 1865 मध्ये खुला झाला, म्हणजे वऱ्हाड-खानदेशाला मुंबईशी सलग जोडणारा मार्ग तयार झाला तेव्हा तेजी ओसरू लागली होती. आखूड धाग्याचा हा कापूस लँकेशायरच्या यंत्रांना आणि कामगारांना मनापासून आवडत नव्हता, शिवाय वाढत्या भावाच्या लोभाने त्यात सरकी, माती व पाणी मिसळण्याचे प्रकार इतके वाढले की भेसळ रोखण्यासाठी मुंबई सरकारला 1863 मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. परंतु दुसरा कापूसच नसल्याने खरेदी चालू राहिली. मुंबईत पैशाचा पूर आला. बँका, वित्तसंस्था आणि समुद्र हटवून जमीन निर्माण करणाऱ्या कंपन्या निघाल्या, प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्या व्यापाऱ्यांच्या शब्दावर समभागांचे भाव वर-खाली होऊ लागले, आणि बॅक बेच्या भरावासारख्या योजनांचे कागद त्यांच्या दर्शनी किमतीच्या कितीतरी पटींनी विकले गेले. एप्रिल 1865 मध्ये युद्ध संपल्याची बातमी आली, कापूस कोसळला, आणि 1 जुलै 1865 या वायद्यांच्या पूर्ततेच्या दिवशी देणी भागवता न आल्याने मुंबईतील मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. बँक ऑफ बॉम्बे 1868 मध्ये गुंडाळावी लागली.

शेअरबाजाराची ही पडझड प्रसिद्ध आहे, पण कापसाच्या भावाचा पुढचा प्रवास तितका प्रसिद्ध नाही. तो एका वर्षात पूर्वपदावर आला नाही. 1865 मध्ये लिव्हरपूलची वार्षिक सरासरी एकोणीस पेन्सांच्या आसपास, 1867 मध्ये अकरा पेन्सांच्या आसपास, आणि युद्धापूर्वीच्या सहा-सात पेन्सांची पातळी पुन्हा दिसली ती 1870 च्या दशकाच्या मध्यात. ही उतरंड दहा वर्षांची होती आणि दख्खनमधील सरकारी निर्णय तिच्याशी विसंगत वेळी घेतले गेले. रयतवारी पद्धतीत सारा तीस वर्षांसाठी ठरत असे. पहिल्या जमाबंदीची मुदत इंदापूरसारख्या तालुक्यांत 1867 च्या सुमारास संपली, आणि नवा सारा ठरवताना अधिकाऱ्यांपुढे तेजीच्या वर्षांतील भाव होते. साऱ्यात मोठी वाढ झाली. इकडे सावकारांनी तेजीत सैल सोडलेली पत मंदीत आखडली, आणि 1859 च्या मुदत कायद्यामुळे कर्जरोखे तीन वर्षांनी बदलून घेण्याची जी रीत पडली होती, तिच्यात व्याजाचे मुद्दल होत राहिले. 1870 मध्ये स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेने वाढीव साऱ्याविरुद्ध रयतेची बाजू मांडली. मे 1875 मध्ये सुपे येथे रयतेने सावकारांच्या वह्या व खते जाळली, आणि पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत तसेच घडले. सरकारने चौकशी आयोग नेमला, आणि 1879 मध्ये दख्खन शेतकरी संरक्षण कायदा झाला.

या घटनांची साखळी किती घट्ट आहे याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत, आणि आढाव्यात त्याची नोंद आवश्यक आहे. पुणे आणि नगर हे कापसाचे मुख्य जिल्हे नव्हते, त्यामुळे उठाव कापसाच्या मंदीनेच झाला असे म्हणणे फार सरळसोट ठरते. नील चार्ल्सवर्थ यांनी तर या उठावाचे महत्त्वच अतिरंजित असल्याचे प्रतिपादन केले. तरीही सारा ठरवताना धरलेले भाव, धान्याच्या सर्वसाधारण तेजीने फुगलेली पत आणि रेल्वेच्या व इतर बांधकामांमुळे वाढलेली व नंतर आटलेली मजुरी, हे तिन्ही त्याच तेजीचे धागे होते, हे नाकारता येत नाही. तेजीच्या काही वर्षांतील भाव पुढच्या तीस वर्षांच्या करात गोठवला गेला, हा या प्रकरणातील सर्वांत गंभीर दोष होय. रयतेला भाव मिळाला काही हंगाम, आणि त्याची किंमत मोजावी लागली एक पिढीभर.

याच तेजीने नाईल नदीच्या काठी याहून मोठ्या प्रमाणावर तेच घडवले. इजिप्तचा लांब धाग्याचा कापूस लँकेशायरला अधिक पसंत असल्याने तेथे लागवड झपाट्याने वाढली. 1863 मध्ये गादीवर आलेल्या इस्माईल पाशाने कालवे, रेल्वे, राजवाडे आणि सुएझ कालव्यातील वाटा यांसाठी युरोपातील सावकारी पेढ्यांकडून उचललेली कर्जे कापसाच्या उत्पन्नातून फिटतील असे गृहीत धरले गेले. भाव उतरला, कर्जे राहिली. 1876 मध्ये इजिप्तचे दिवाळे निघाले, राज्याच्या उत्पन्नावर परदेशी धनकोंचे नियंत्रण आले, आणि 1882 मध्ये ब्रिटिश सैन्याने देशाचा ताबा घेतला. अमेरिकेतील एका युद्धाने चढवलेला भाव आफ्रिकेतील एका देशाच्या स्वातंत्र्याचा बळी घेण्यास असा कारणीभूत ठरला.

पुरवठा तोडणाऱ्या संकटाच्या अगदी उलट प्रकार 1929 नंतरच्या महामंदीत दिसतो. तेथे माल भरपूर होता, मागणी नाहीशी झाली. 1929 ते 1932 या काळात शेतमालाचे जागतिक भाव जवळपास निम्म्यावर आले. कारखानदार मंदीत उत्पादन कमी करतो, कामगार काढतो आणि भाव काहीसा सावरून धरतो. शेतकऱ्याला मात्र सारा आणि व्याज रोखीत, ठरल्या आकड्यात द्यायचे असल्याने तो भाव पडल्यावर अधिक पिकवून तूट भरून काढू पाहतो आणि अशा लाखो प्रयत्नांची बेरीज भावाला आणखी खाली नेते. ब्राझीलने 1931 ते 1944 या काळात सुमारे 7.8 कोटी पोती कॉफी जाळून वा अन्य प्रकारे नष्ट केली, तरी भाव सावरायला बराच काळ गेला. भारतात साऱ्याचे व कर्जाचे आकडे तेच राहिले आणि ते फेडायला दुप्पट धान्य लागू लागले. सप्टेंबर 1931 मध्ये ब्रिटनने सुवर्णमानक सोडल्यावर सोन्याचा भाव चढला, आणि खेड्यापाड्यांतून अडचणीपोटी मोडलेले दागिने मुंबईमार्गे मोठ्या प्रमाणावर परदेशी गेले. पिढ्यान्‌पिढ्यांची बचत अशी काही वर्षांत निघून गेली, आणि पुढे भाव सुधारल्यावर ती परत आली नाही.

या अनुभवातून एक दीर्घकालीन प्रश्न पुढे आला. राउल प्रेबिश आणि हान्स सिंगर या अर्थशास्त्रज्ञांनी 1950 मध्ये स्वतंत्रपणे असे मांडले की कारखानी मालाच्या तुलनेत जिन्नसांचे भाव दीर्घकाळात घसरत जातात, म्हणजे तेवढेच यंत्र विकत घेण्यासाठी जिन्नस विकणाऱ्या देशाला उत्तरोत्तर अधिक माल द्यावा लागतो. नंतरच्या संशोधनात ही घसरण अनेक जिन्नसांबाबत आढळली, तरी ती वर्षाला एखाद्या टक्क्याच्या आसपास आणि अतिशय चढउतारांनी झाकलेली आहे. कोणत्या वर्षापासून मोजायला सुरुवात करावी यावर निष्कर्ष बराच अवलंबून राहतो. अर्थशास्त्रज्ञ ज्यूलियन सायमन आणि जीवशास्त्रज्ञ पॉल एर्लिक यांनी 1980 मध्ये पाच धातूंच्या भावांवर लावलेली प्रसिद्ध पैज याच मुद्द्याचे उदाहरण आहे. लोकसंख्यावाढीने धातू महागतील असे म्हणणारे एर्लिक 1990 मध्ये हरले, कारण तेलसंकटाच्या तेजीनंतरचे ते मंदीचे दशक होते. दुसरे एखादे दशक निवडले असते तर निकाल उलटा लागू शकला असता. संकटाच्या शिखरापासून मोजले की प्रत्येक आलेख घसरणीचा दिसतो आणि तळापासून मोजले की चढणीचा, हे भान या विषयावरील बऱ्याच लोकप्रिय लिखाणात दिसत नाही.

खनिज तेलाने हा सगळा खेळ जगाच्या केंद्रस्थानी आणला. ऑक्टोबर 1973 मधील अरब-इस्राएल युद्धानंतर अरब तेलउत्पादक देशांनी उत्पादन कमी केले व काही देशांना तेल देणे बंद केले. जागतिक पुरवठ्यात प्रत्यक्ष घट दहाव्या हिश्श्याचीही नव्हती, पण पिंपाला सुमारे तीन डॉलर असलेला भाव जानेवारी 1974 मध्ये 11.65 डॉलर झाला. 1979 च्या इराणी क्रांतीने आणि पुढच्या वर्षी सुरू झालेल्या इराण-इराक युद्धाने तो तीस डॉलरच्या पुढे नेला, आणि या दुसऱ्या चढणीत प्रत्यक्ष टंचाईपेक्षा टंचाईच्या भीतीने केलेल्या साठेबाजीचा वाटा मोठा होता. यानंतर जे झाले त्यातून चढा भाव स्वतःचा उतार कसा घडवतो हे समजते. उत्तर समुद्र, अलास्का आणि मेक्सिको येथील महागडे तेल काढणे परवडू लागले, मोटारी कमी इंधन पिऊ लागल्या, वीजकेंद्रे कोळसा व अणुऊर्जेकडे वळली, ब्राझीलने 1975 पासून उसाच्या मद्यार्कावर मोटारी चालवण्याचा कार्यक्रम हाती घेतला. मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवर समुद्रात 1974 मध्ये सापडलेल्या बॉम्बे हायच्या क्षेत्राचा शोध त्याआधीपासून चालू होता, परंतु 1976 मध्ये तेथून तेल निघू लागले त्यामागची निकड संकटाने वाढवली होती. या सर्व हालचालींना दहा-बारा वर्षे लागली आणि त्यांचा परिणाम एकदम झाला: 1986 मध्ये भाव दहा डॉलरच्या आसपास कोसळला. महागाई वजा करून पाहिले तर 1973 पूर्वीची पातळी पुन्हा दिसली ती 1998 मध्ये, म्हणजे पंचवीस वर्षांनी.

तेलातून आखाती देशांकडे जमलेला पैसा पाश्चात्त्य बँकांत गेला आणि तेथून कर्जरूपाने लॅटिन अमेरिकेकडे वाहिला. मेक्सिको स्वतः तेल विकणारा देश होता. तेलाचा भाव चढताच राहील या भरवशावर त्याने कर्जे काढली आणि ऑगस्ट 1982 मध्ये हप्ते देण्यास असमर्थता जाहीर केली. इस्माईल पाशाच्या इजिप्तनंतर शंभर वर्षांनी हेच गणित पुन्हा चुकले होते, आणि त्याची भरपाई एका संपूर्ण दशकातील कपातींनी सामान्य लोकांनी केली. उलट दिशेनेही एक प्रवाह वाहिला. आखातातील बांधकामांनी रत्नागिरीपासून गोव्यापर्यंतच्या किनाऱ्यावरील हजारो कुटुंबांतील माणसे तिकडे ओढली, आणि तेलाच्या भावाशी कोकणातील घरखर्चाचा जो संबंध तेव्हा जुळला तो भाव कोसळल्यानंतरही सुटला नाही. 1990 मध्ये इराकने कुवेतवर हल्ला केल्यावर आयातीचा खर्च वाढणे आणि तिकडून येणारा पैसा घटणे या दोन्ही गोष्टी एकत्र येऊन भारताला 1991 मध्ये सोने गहाण ठेवावे लागले, यात या संबंधाचा वाटा होता.

आतापर्यंतच्या उदाहरणांत संकटाने भाव चढवला वा पाडला. 2007-08 च्या तांदळाच्या प्रकरणात मात्र सरकारांनी घेतलेल्या संरक्षणाच्या पावलांनीच संकट निर्माण केले. त्या वर्षी जगात तांदळाचे पीक बुडालेले नव्हते. पण जगात पिकणाऱ्या तांदळापैकी जेमतेम सात टक्के तेव्हा देशांच्या सीमा ओलांडत असे, म्हणजे बाजार अतिशय पातळ होता. गहू महागल्याने चिंतित झालेल्या भारताने ऑक्टोबर 2007 मध्ये बिगर-बासमती तांदळाची निर्यात रोखली, व्हिएतनामने मर्यादा घातल्या, फिलिपिन्सने घाबरून मिळेल त्या भावाने खरेदी सुरू केली, आणि थायलंडच्या तांदळाचा भाव सहा महिन्यांत टनाला साडेतीनशे डॉलरच्या आसपासहून हजार डॉलरच्या आसपास गेला. मे 2008 मध्ये जपान आपल्याकडील आयात केलेल्या तांदळाचा साठा विकू शकेल अशी वार्ता आली, आणि एक पोतेही न हलता भाव उतरू लागला. 2006 ते 2008 या काळातील तांदळाच्या भाववाढीपैकी सुमारे 45 टक्के वाढ सरकारांच्या अशा बचावात्मक निर्णयांमुळे झाली, असा विल मार्टिन आणि किम अँडरसन या अर्थशास्त्रज्ञांचा अंदाज आहे. प्रत्येक सरकारचा निर्णय त्याच्या नागरिकांच्या दृष्टीने समर्थनीय होता. त्या सर्वांची झळ ज्यांच्याकडे ना शेत ना साठा अशा आयातदार गरीब देशांना बसली, आणि या असमतोलावर उपाय अजूनही निघालेला नाही.

2020 च्या महामारीत तेलाच्या भावाने जे केले त्याची कल्पना जुन्या ग्रंथांत नव्हती. 20 एप्रिल 2020 रोजी अमेरिकेतील मे महिन्याच्या पुरवठ्याचा वायदा उणे 37.63 डॉलरवर बंद झाला. वायदा म्हणजे पुढील ठराविक तारखेला ठरल्या भावाने माल देण्या-घेण्याचा करार. ओक्लाहोमातील कुशिंग येथील टाक्या भरत आल्या होत्या, तेल ताब्यात घेऊन ठेवायला जागा नव्हती, म्हणून करारातून सुटण्यासाठी लोक पैसे मोजायला तयार झाले. साठा शून्याखाली जाऊ शकत नाही या नियमाची ही दुसरी बाजू आहे: टाकीही क्षमतेपेक्षा अधिक भरता येत नाही. मुंबईच्या एमसीएक्स या वायदेबाजारात त्याच्याशी जोडलेल्या वायद्याची पूर्तता पिंपाला उणे 2,884 रुपयांनी करावी लागली. पंपावरील ग्राहकापर्यंत मात्र ही घसरण पोचली नाही, कारण मे 2020 मध्ये केंद्राने पेट्रोलवरील उत्पादन शुल्क लिटरला दहा आणि डिझेलवरील तेरा रुपयांनी वाढवले. घाऊक भाव चढला की किरकोळ भाव त्वरेने चढतो आणि उतरला की रेंगाळत उतरतो, हे व्यापारात सर्वत्र आढळते; येथे त्या रेंगाळण्याचे कारण स्वतः सरकार होते.

फेब्रुवारी 2022 मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले तेव्हा हे दोन देश मिळून जगातील गव्हाच्या निर्यातीचा चौथ्या हिश्श्याहून अधिक भाग पुरवत होते, आणि सूर्यफूल तेलाच्या निर्यातीत एकट्या युक्रेनचा वाटा निम्म्याच्या जवळ होता. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा अन्नभाव निर्देशांक मार्च 2022 मध्ये विक्रमी पातळीवर, सुमारे 160 वर गेला. एप्रिलअखेर इंडोनेशियाने पामतेलाची आणि मार्चमधील उष्णतेच्या लाटेने पीक घटल्यावर 13 मे रोजी भारताने गव्हाची निर्यात रोखली. तरीही शिकागोच्या बाजारातील गहू जुलै-ऑगस्टपर्यंत युद्धापूर्वीच्या पातळीजवळ आला. युक्रेनचे धान्य काळ्या समुद्रातून नेऊ देण्याच्या जुलैमधील करारातून वर्षभरात सुमारे 3.3 कोटी टन धान्य बाहेर पडले. परंतु गहू डॉलरमध्ये उतरला तेव्हा डॉलरच महागला होता. इजिप्तच्या पौंडाची किंमत वर्षभरात जवळपास निम्मी झाली, त्यामुळे कैरोतील ग्राहकाच्या दृष्टीने भाव परतलाच नाही. भारतात चढ्या आयातभावाचा भार शेतकऱ्यावर पडू नये म्हणून खतांवरील अनुदान 2022-23 मध्ये सुमारे अडीच लाख कोटी रुपयांवर गेले.

महाराष्ट्रातील शेतकऱ्याच्या हिशेबात या काळाचे चित्र कापूस आणि सोयाबीन या दोन पिकांतून दिसते. 2021 च्या ऑगस्टमध्ये सोयाबीन क्विंटलला दहा हजार रुपयांच्या आसपास गेले, तेव्हा बहुतेक शेतकऱ्यांकडे विकायला माल उरलेला नव्हता. त्याच महिन्यात केंद्राने सोयापेंडीच्या आयातीला मुभा दिली, डिसेंबरमध्ये सेबीने सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे स्थगित केले, आणि 2024 च्या हंगामात हमीभाव 4,892 रुपये असताना लातूर-अकोल्याच्या बाजार समित्यांत त्याखाली विक्री झाली. कापसाचे तसेच झाले. 2022 च्या वसंतात तो क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला, अमेरिकेतील वायदा मे महिन्यात पौंडाला दीड डॉलरच्या घरात पोचून ऑक्टोबरअखेर त्याच्या जवळपास निम्म्यावर उतरला, आणि पुढच्या हंगामात विदर्भातील व खानदेशातील अनेक शेतकऱ्यांनी मागच्या वर्षीचा भाव पुन्हा येईल या आशेने कापूस घरातच ठेवला. त्यांचा अंदाज अविचारी नव्हता. बियाणे, खत आणि मजुरी यांचे दर मागच्या वर्षीच्या भावाशी जुळवून घेत चढलेले होते आणि ते खाली आले नव्हते. भाव चढला की आयात खुली होते व निर्यात थांबते, पडला की हस्तक्षेप उशिरा आणि अपुरा येतो, अशी धोरणाची एकतर्फी चाल राहिली तर संकटातली तेजी उत्पादकाला क्वचितच लाभते आणि त्यानंतरची मंदी मात्र पूर्ण सोसावी लागते. ग्राहकाचे रक्षण करणे हे सरकारचे कर्तव्य आहेच. ते एकट्या शेतकऱ्याच्या खर्चाने होणे न्याय्य नाही.

अलीकडच्या काळात युद्ध वा मंदीशिवायच, केवळ हवामान आणि रोग यांमुळे, जागतिक संकटासारखी भाववाढ होऊ लागली आहे. आयव्हरी कोस्ट आणि घाना हे दोन देश मिळून जगातील कोकोपैकी निम्म्याहून अधिक पिकवतात. तेथील जुनी झाडे, विषाणुजन्य रोग आणि बिघडलेला पाऊस यांमुळे पीक घटत गेले, आणि बरीच वर्षे टनाला अडीच हजार डॉलरच्या आसपास असलेला भाव डिसेंबर 2024 मध्ये बारा हजारांच्या वर गेला. या दोन्ही देशांत खरेदीभाव सरकार ठरवते आणि बराचसा माल आगाऊ करारांनी आधीच विकलेला असतो. म्हणून शिखरावरचा भाव तेथील शेतकऱ्यापर्यंत पोचला नाही, आणि घानातील कोको चोरट्या मार्गाने शेजारी देशांत जाऊ लागला. दरम्यान चॉकलेट बनवणाऱ्या कंपन्यांनी कोकोचे प्रमाण कमी केले, इक्वेडोर व ब्राझीलमध्ये लागवड वाढली, म्हणजे 1980 च्या दशकात तेलाबाबत जे घडले त्याची सुरुवात येथेही झाली. फरक एवढाच की कोकोचे झाड फळावर यायला तीन ते पाच वर्षे लागतात आणि तोवर हवामान पुन्हा बिघडू शकते. 2025-26 च्या हंगामासाठी दोन्ही देशांनी शेतकऱ्यांचा खरेदीभाव भरीव वाढवला, तेव्हा जागतिक भाव शिखरापासून निम्म्यावर उतरला होता, आणि वाढवलेला भाव व उतरलेला भाव यांतील अंतर भरून काढण्याचे काम पुन्हा एकदा आधीच कर्जात असलेल्या सरकारी तिजोऱ्यांवर येऊन पडले.